बागेतल्या शेडला घरीच बनवून बसवायची प्लास्टिकची खिडकी

शेडमध्ये उजेड नसला की तिचा वापर हळूहळू कमी होत जातो. दार उघडं ठेवूनच काम करावं लागतं, मागच्या कोपऱ्यातली अवजारं चाचपडत शोधावी लागतात, आणि शेवटी तिथे फक्त अडगळ साठते. एका साध्या खिडकीनं यात मोठा फरक पडतो, आणि ती काचेची असायची गरज नाही. फावडी, शिड्या, लांब दांड्यांचे पंजे यांची सतत ने-आण होते तिथे काच कधी तरी फुटतेच, आणि फुटलेले तुकडे मातीत मिसळले की पुढे वर्षानुवर्षं हाताला लागत राहतात. पारदर्शक प्लास्टिकची शीट हलकी असते, घरच्या हत्यारांनी कापता येते आणि दांड्याचा एखादा तडाखा सहज सोसते.

पुढे मुख्यतः लाकडी फळ्यांच्या शेडला बंद तावदानाची खिडकी कशी बसवायची ते सांगितलं आहे. पत्र्याची शेड आणि उघडणारी झडप यांच्याबद्दल नंतर येईल. सगळ्या कामात मन लावून सांभाळायच्या गोष्टी दोनच: पाणी नेहमी बाहेर आणि खाली गेलं पाहिजे, आणि प्लास्टिकला हलायला जागा राहिली पाहिजे.

शीट कोणती घ्यावी

दुकानात काचेसारख्या दिसणाऱ्या तीन-चार प्रकारच्या शीट मिळतात आणि लांबून त्या सगळ्या सारख्याच वाटतात. फरक वापरताना कळतो.

ॲक्रिलिक सर्वांत स्वच्छ दिसतं. सुमारे ९२ टक्के उजेड त्यातून आरपार जातो, आणि उन्हात ते वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही. पण ते ठिसूळ असतं. कडेजवळ भोक पाडताना घाई केली की तडा जातो, आणि खरखरीत राहिलेल्या कडेपासून बारीक चिरा आत सरकत जातात. जिथे धक्का लागायची शक्यता कमी आहे आणि बाहेरची बाग स्पष्ट दिसायला हवी आहे, तिथे ॲक्रिलिक छान.

भरीव पॉलिकार्बोनेट शेडसाठी माझी पहिली पसंती. हातोडीच्या घावालाही ते सहसा फुटत नाही, आणि भोक पाडताना चूक झाली तरी सांभाळून घेतं. त्याचे दोष दोन. त्यावर ओरखडे लवकर उठतात, आणि साधं पॉलिकार्बोनेट उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडून कमजोर होतं. म्हणून बाहेर वापरायच्या शीटवर संरक्षक थर दिलेला असतो, पुष्कळदा एकाच बाजूला. ती बाजू वरच्या फिल्मवर छापलेली असते आणि ती बाहेरच यायला हवी. फिल्म काढल्यावर दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसतात, म्हणून शीट घरी आणल्याबरोबर त्या बाजूवर मार्करनं ठळक ‘बाहेर’ लिहून ठेवा. फिल्म निघण्याआधी तीच खूण कडेला चिकटपट्टीवर उतरवून घ्या.

तिसरा प्रकार पोकळ, म्हणजे दुहेरी थराचं पॉलिकार्बोनेट. दोन पातळ थरांच्या मध्ये उभ्या भिंती आणि त्यांच्यामध्ये पोकळ नळ्या. यातून उजेड येतो पण पलीकडचं नीट दिसत नाही. आतली अवजारं बाहेरून दिसू नयेत असं वाटत असेल तर हाच निवडा. मधल्या हवेमुळे ऊन-थंडीही थोडी अडते. बसवताना नळ्या उभ्याच ठेवायच्या, म्हणजे आत जमलेला दमटपणा खाली ओघळून निघून जातो. वरची टोकं ॲल्युमिनियमच्या टेपनं पूर्ण बंद करायची. खालच्या टोकांना मात्र हवा जाऊ देणारी सच्छिद्र टेप लावायची. दोन्हीकडून बंद केलं तर आत पाणी साचून हिरवं शेवाळ धरतं, आणि ते मग निघत नाही.

चौथा प्रकार पॉलिस्टायरिनचा. तो स्वस्त असतो आणि ॲक्रिलिकच्या शेजारीच ठेवलेला असतो, त्यामुळे फसायला होतं. तो उन्हात पिवळा पडतो आणि ठिसूळ होऊन तडकतो. बाहेरच्या खिडकीला तो घेऊ नका.

जाडीचं म्हणाल तर साधारण ४५ बाय ६० सेंमीच्या तावदानाला ३ ते ४ मिमीची भरीव शीट पुरते. त्याहून मोठं तावदान असेल किंवा जागा वाऱ्याची असेल तर ५ मिमी घ्या. पातळ शीट फुटत नाही, पण वाऱ्यानं फुगते आणि पट्टीच्या आतून निसटते.

प्लास्टिक किती हलतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं प्रत्येक माप यावर अवलंबून आहे. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की एक मीटर काच सुमारे ०.००९ मिमी वाढते. पॉलिकार्बोनेट सुमारे ०.०६५ मिमी वाढतं आणि ॲक्रिलिक सुमारे ०.०७ मिमी, म्हणजे काचेच्या सात-आठ पट. पहाटेच्या गारव्यापासून भर उन्हापर्यंत शीटच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर एक मीटरची शीट अडीच ते तीन मिमी लांबते आणि पुन्हा आखडते. हे रोज घडतं.

चौकटीत गच्च बसवलेल्या शीटला दुपारी वाढायला जागा मिळत नाही, मग ती फुगते. स्क्रूनं घट्ट आवळलेली शीट भोकापाशी तडकते. म्हणून नियम असा की शीटला पट्ट्यांमध्ये धरायचं, जखडायचं नाही. एक मीटरपर्यंतच्या तावदानाला चारही बाजूंनी ३ मिमी मोकळं सोडा. थंडीच्या दिवसात कापत असाल तर थोडं जास्त सोडा, कारण तेव्हा शीट आधीच आखडलेली असते.

जागा आणि माप

ज्या भिंतीवर दुपारचं कडक ऊन थेट पडत नाही ती भिंत उत्तम. तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो, शेड तापत नाही आणि प्लास्टिकही जास्त टिकतं. वर छपराची पुढे आलेली कड असेल तर फारच चांगलं. आत काम करायचं टेबल असेल तर खिडकीची खालची कड टेबलाच्या वर हातभर ठेवा, म्हणजे टेकवलेल्या वस्तू तावदानाला लागणार नाहीत. भिंतीतून विजेची वायर गेली आहे का, ते आतून-बाहेरून नीट पाहून घ्या.

शेडच्या भिंतीत ठरावीक अंतरावर उभे खांब असतात आणि फळ्या त्यांना ठोकलेल्या असतात. खिडकी दोन खांबांच्या मधल्या जागेतच बसवा. खांब कापला तर छपराचा भार वळवायला वर भक्कम आडवा वासा घालावा लागतो, आणि एवढ्याशा खिडकीसाठी तो खटाटोप करू नये. जास्त उजेड हवा असेल तर शेजारच्या दोन खणांत दोन उभ्या खिडक्या करा.

समजायला एक उदाहरण धरू. चौकटीची आतली मोकळी जागा ४५० मिमी रुंद आणि ६०० मिमी उंच. बाजूच्या आणि वरच्या फळ्या २० मिमी जाड, खालची ३० मिमी. म्हणजे चौकटीचं बाहेरचं माप ४९० बाय ६५० मिमी. भिंतीतलं भोक सगळीकडून ३ मिमी मोठं, म्हणजे ४९६ बाय ६५६. आणि तावदान सगळीकडून ३ मिमी लहान, म्हणजे ४४४ बाय ५९४. तुमची मापं वेगळी असतील, पण हिशेब हाच.

भोक पाडण्याआधी आडवे तुकडे

पुष्कळ जण थेट भिंत कापायला घेतात. कापल्यावर फळ्यांची टोकं लोंबकळतात आणि भोकाची कड वाकडीतिकडी होते. त्याऐवजी आधी आतून दोन खांबांच्या मध्ये दोन आडवे तुकडे बसवा. एकाची खालची कड भोकाच्या वरच्या रेषेवर, दुसऱ्याची वरची कड भोकाच्या खालच्या रेषेवर. पाणसळीनं दोन्ही सरळ आहेत का ते पाहा आणि खांबांना स्क्रूनं पक्के करा. भोक दोन खांबांमधल्या अंतरापेक्षा अरुंद असेल तर या दोघांच्या मध्ये एक-दोन उभे तुकडेही घाला. आता बाहेरच्या फळ्या या नव्या तुकड्यांना स्क्रूनं जोडा. कापण्याआधीच भिंत चारही बाजूंनी बांधली गेली.

मग आतून चारही कोपऱ्यांत भोकं पाडा. ती बाहेर निघतील, ती बाहेरून सरळ पट्टीनं जोडा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे भरले तर कोपरे काटकोनात आहेत. करवतीच्या वाटेत खिळे लपलेले असतात, ते लोहचुंबक फिरवून शोधा आणि उपटून टाका. जिगसॉनं, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याच्या विजेच्या करवतीनं, बाहेरून कापा. शेवटची बाजू कापताना आतून कुणाला तरी तुकडा धरायला सांगा, नाहीतर तो पडताना फळी चिरत जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

चौकट

चौकटीच्या फळ्या भिंतीच्या पूर्ण जाडीएवढ्या रुंद असाव्यात, म्हणजे खांबाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या फळीच्या पृष्ठभागापर्यंत. फक्त खालची फळी भिंतीच्या बाहेर आणखी ४५ मिमी येऊ द्या. पाण्याचं सगळं काम तिच्यावर आहे.

तावदान चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून साधारण २५ मिमी आत बसणार आहे. त्या रेषेपासून पुढे खालच्या फळीला रंध्यानं उतार द्या, टोकापर्यंतच्या ७० मिमीत साधारण १० मिमी. एवढ्या उतारावर पाणी थांबत नाही. फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून १० मिमी आत, लांबीभर ५ मिमीची एक खाच काढा. पाण्याला फळीच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटून मागे सरकायची खोड असते. ही खाच आली की थेंब तिथेच सुटून खाली पडतो आणि भिंत कोरडी राहते. पाच मिनिटांचं काम आहे, पण शेडच्या खिडकीखालची लाकडं कुजतात ती याच खाचेअभावी.

फळ्या जोडण्याआधी सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या टोकांना, प्रायमर द्या. लाकूड टोकांतून सर्वांत जास्त पाणी पितं. जोडताना आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू लावा आणि बाहेरच्या बाजूला गंज न धरणारे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. रंग आत्ताच पूर्ण करून घ्या आणि चांगला वाळू द्या. ओल्या तेलरंगातलं थिनर आणि त्याची वाफ प्लास्टिकला बाधते, तिच्यामुळे शीटवर बारीक चिरांचं जाळं उठू शकतं.

वाळलेली चौकट भोकात ठेवा, पाचरी मारून सरळ करा, पुन्हा कर्ण मोजा आणि मगच खांबांना व आडव्या तुकड्यांना स्क्रूनं पक्की करा. पाचरी स्क्रूच्या जागीच असाव्यात, नाहीतर आवळताना फळी बाहेर ओढली जाऊन वाकते.

शीट कापणं

संरक्षक फिल्म काढू नका. मापं तिच्यावरच आखा. शीट दोन सरळ फळ्यांमध्ये शिकंज्यानं आवळा, म्हणजे ती थरथरणार नाही. तडे जातात ते बहुधा याच थरथरीमुळे.

तीन मिमीपर्यंतचं ॲक्रिलिक आखणीच्या सुरीनं पट्टी धरून सात-आठ वेळा ओरखडून, टेबलाच्या कडेवर ठेवून, एका झटक्यात मोडता येतं. पॉलिकार्बोनेट असं मोडत नाही, ते वाकतं. त्याला बारीक दातांची करवत किंवा जिगसॉच लागते. जिगसॉ कमी वेगानं चालवा. वेग वाढवला की घर्षणानं प्लास्टिक वितळतं आणि पात्याच्या मागे पुन्हा चिकटून बसतं. दोन्ही हातांनी अवजार शीटवर दाबून धरा आणि पातं स्वतःहून जेवढं कापेल तेवढंच पुढे न्या.

कापून झालं की कडा कानशीनं आणि मग पॉलिशपेपरनं, आधी १२० आणि नंतर २४० नंबरच्या, गुळगुळीत करा. ॲक्रिलिकला तर हे अजिबात टाळू नका. भोकं पाडायची असतील तर खाली लाकडाचा तुकडा धरा, ड्रिल सावकाश चालवा, शेवटच्या मिलिमीटरला दाब कमी करा आणि भोक कडेच्या फार जवळ पाडू नका.

तावदान बसवणं

आधी आतल्या बाजूच्या चार दाबपट्ट्या, म्हणजे शीट धरून ठेवणाऱ्या लाकडी पट्ट्या, लावा, १५ बाय १५ मिमीच्या, पुढची कड त्या २५ मिमीच्या रेषेवर. त्यांच्या पुढच्या अंगाला फोमची टेप चिकटवा. टेप बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची किंवा ईपीडीएम रबराची असावी. साधा स्पंज पाणी धरून ठेवतो, आणि मऊ पीव्हीसीच्या गास्केटमधली तेलकट द्रव्यं पॉलिकार्बोनेटला हळूहळू खराब करतात.

खालच्या फळीवर दोन ठिकाणी, बाजूंपासून साधारण पाव रुंदी आत, ३ मिमी जाडीचे छोटे ठोकळे ठेवा. शीटचेच उरलेले तुकडे यासाठी बरोबर असतात. तावदान या ठोकळ्यांवर उभं राहील आणि त्याची खालची कड पाण्यात बुडणार नाही. आता शीटच्या दोन्ही बाजूंची फिल्म फक्त कडांवरून दोन-तीन सेंमी सोलून घ्या, ‘बाहेर’ची खूण बाहेर आहे ना ते पाहा, आणि शीट आतल्या टेपवर टेकवा. डावी-उजवीकडे सारखी फट राहिली पाहिजे.

बाहेरून दुसऱ्या चार दाबपट्ट्या, त्यांनाही आतल्या अंगाला टेप लावून. स्क्रू पट्टीतून चौकटीत जातील, शीटमधून जाणार नाहीत. टेप किंचित दबेपर्यंतच पट्टी आत ढकला आणि मग स्क्रू लावा. खालच्या पट्टीच्या तळाला बसवण्याआधी दोन-तीन ठिकाणी बोटाएवढ्या खाचा काढून ठेवा. पट्टीच्या मागे शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडेल. काम संपलं की त्याच दिवशी बाकीची फिल्म काढून टाका. उन्हात राहिली तर तिचा गोंद शीटवर भाजून बसतो.

सिलिकॉन आणि बाहेरच्या पट्ट्या

सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचंच घ्या. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि पॉलिकार्बोनेटला ते चालत नाही. वरच्या आणि बाजूच्या दाबपट्ट्या चौकटीला जिथे भिडतात तिथे बारीक रेघ ओढा. खालच्या पट्टीला काही लावू नका. खालून सगळं सील केलेली खिडकी जास्त सुरक्षित वाटते, पण तिच्यात पाणी अडकून लाकूड आतून कुजतं.

चौकट आणि भिंत यांच्यातली ३ मिमीची फटही आधी सिलिकॉननं भरा आणि मग बाहेरून रुंद पट्ट्यांनी झाका. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाजूच्या पट्ट्या, खालच्या उतरत्या फळीवर टेकलेल्या. मग त्यांच्या डोक्यावर वरची पट्टी, दोन्हीकडे थोडी पुढे आलेली. त्यावर ॲल्युमिनियमची वाकवलेली पत्रापट्टी, जिची मागची बाजू भिंतीच्या वरच्या फळीमागे सरकवलेली असेल. कौलं रचतात तसं प्रत्येक वरची वस्तू खालचीवर चढली पाहिजे. पत्रापट्टी फळीमागे जात नसेल तर वरच्या पट्टीची वरची कड बाहेर उतरती रंधून तिथे सिलिकॉन भरा, पण ते दर एक-दोन वर्षांनी तपासावं लागेल.

तपासणी पाइपानंच करा, पावसाची वाट पाहू नका. एकानं आत थांबायचं. दुसऱ्यानं आधी फक्त खालच्या कडेवर काही मिनिटं पाणी सोडायचं, मग बाजूंवर आणि शेवटी वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही.

शेड पत्र्याची असेल तर

पत्र्याच्या भिंतीत चौकट धरायला जाडी नसते. तिथे लाकडाच्या दोन सपाट चौकटी करा, एक आतून, एक बाहेरून, आणि पत्रा त्यांच्यामध्ये पकडून बोल्टनं आवळा. पत्रा नालीदार असेल तर पन्हळीत फोमचे तुकडे भरा. पत्रा कात्रीनं कापताना जाड हातमोजे घाला. कापलेल्या कडांना लगेच जस्तयुक्त प्रायमर लावा, गंज तिथूनच सुरू होतो.

शीट भोकापेक्षा मोठी घेऊन बाहेरच्या चौकटीवर थेट स्क्रूनं बसवायची सोपी रीतही आहे, आणि लाकडी शेडलाही ती चालते. त्यात शीटमधली भोकं स्क्रूपेक्षा मोठी हवीत, ५ मिमीच्या स्क्रूला ८ मिमी. वर रुंद वायसर आणि त्याखाली ईपीडीएमची चकती. वायसर हातानं फिरवता येईल इतपतच स्क्रू आवळा. ही खिडकी लवकर होते, पण दाबपट्ट्यांमधल्या खिडकीइतकी ती टिकेल असं मला वाटत नाही, कारण प्रत्येक भोक ही तडा जायची एक जागा असते.

उघडणारी झडप

आत रंग, खतं किंवा दमट अवजारं ठेवत असाल तर हवा खेळती हवी. तावदान मुख्य चौकटीऐवजी हलक्या झडपेच्या चौकटीत त्याच रीतीनं बसवा आणि बिजागऱ्या वरच्या कडेला लावा. वरून टांगलेली झडप बाहेर उघडली की तीच छोटं छप्पर होते, रिमझिम पावसात ती उघडी राहू शकते. झडप आणि चौकट यांच्यात सगळीकडून ३ मिमी फट ठेवा, कारण पावसाळ्यात लाकूडही फुगतं. टेकू म्हणून भोकं असलेली लोखंडी पट्टी आणि आतून एक कडी, एवढं पुरे.

पुढची देखभाल

कोरड्या फडक्यानं तावदान कधीही पुसू नका. धुळीतले बारीक खडे ओरखडे पाडतात. आधी भरपूर पाणी टाका, मग कोमट पाण्यात सौम्य साबण आणि मऊ कापड. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन किंवा अमोनियाचे काच-साफ-करणारे द्रव ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींना चालत नाहीत. तावदानाजवळ तापलेला दिवा किंवा हीटर ठेवू नका.

पहिल्या काही महिन्यांत ऊन चढताना आणि उतरताना खिडकीकडे कान द्या. अधूनमधून एखादा हलका ‘टक’ आवाज साहजिक आहे. पण सतत कुरकुर येत असेल तर कुठली तरी पट्टी शीटला जास्त दाबते आहे. त्या बाजूचे बाहेरचे स्क्रू अर्धा वळसा सैल करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका. आवाज थांबला नाही तर ती दाबपट्टी काढून शीटच्या कडेची फट मोजा, आणि ती तीन मिमीपेक्षा कमी भरली तर कड कानशीनं घासून परत बसवा.